शेवटी सेव्ह करील त्याचं खरं

९ जानेवारी २०२५, गुरुवार

ही वही वैष्णवीमुळे. तिचं म्हणणं, प्रोग्राम लिहिताना कोणता निर्णय काऊन घेतला हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं, नाहीतर सहा महिन्यांनी आपलंच लिहिलेलं आपल्याला कळत नाही. नागपूरच्या कंपनीत तिला ती सवय लागली. वर हेही सांगितलं की परक्या माणसाने वाचली तरी समजली पाहिजे. ठीक आहे, परक्या माणसा, ऐक.

मी अश्वजित. मी आणि वैष्णवी एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात होतो. आता जळगाव जामोदला बस स्टँडच्या मागे दोघांचं मिळून एक ऑफिस आहे. डेस्कटॉपवर चालणारे प्रोग्राम लिहून देतो. सगळ्यात जुनं काम निर्झर केंद्राचं. तिथे सिकलसेलची तपासणी होते. हा दोष रक्तातून, आईबापाकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक; त्याला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो. दोघांकडून आला तर रुग्ण, आणि मग जन्मभर सांधे, हाडं, ताप, दवाखाना. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलामागे चारात एक अशी धास्ती. म्हणून केंद्राचे गजेंद्र डॉक्टर लग्नाआधी तपासा म्हणत गावोगाव फिरतात आणि तपासलेल्याला कार्ड देतात. निरोगी असेल तर पांढरं, वाहकाला पिवळं, रुग्णाला लाल. ही कार्डं माझ्या प्रोग्राममधून छापली जातात. नऊ वर्षं झाली.

आता डॉक्टरांना सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत शिबिरं घ्यायची आहेत. तिथे टॉवर पकडत नाही. म्हणजे लॅपटॉपवर नोंदी करायच्या आणि परत आल्यावर त्या केंद्राच्या डेटाबेसमध्ये मिसळायच्या. पहिलं शिबिर १९ तारखेला. दहा दिवस.

वैष्णवीशी दोन तास वाद झाला. माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक बटण सरळ डेटाबेसशी बोलतं. सेव्ह दाबलं की फॉर्मवरची सगळी माहिती उचलून टेबलात टाकतं. ती म्हणते, मध्ये एक थर पाहिजे. डेटाबेसपर्यंत जायला एकच दार, आणि दारावर पहारा. प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक द्यायचा. तुम्ही नोंद उघडली तेव्हा क्रमांक चार होता आणि सेव्ह करताना पाच झाला असेल, तर दाराने तुम्हाला थांबवायचं. आणि जेवढं बदललं तेवढंच पाठवायचं, अख्खी नोंद नाही.

"तीन कॉम्प्युटर अन् एक लॅपटॉप," मी म्हटलं. "त्याले एवढा थाट?"

"दोन माणसं एकच नोंद उघडू शकतात ना? मंग दोनच पुरेत."

तिचा थर लिहायला महिना लागला असता. निर्णय: जुनीच पद्धत. लॅपटॉपवरची नोंद जास्त ताजी असेल तर ती केंद्राच्या नोंदीवर चढेल. शेवटी सेव्ह करील त्याचं खरं. सोपं आहे, आणि सोप्यात चुका कमी.


१५ जानेवारी

लॅपटॉपचा फॉर्म तयार. शिबिरात फक्त नाव, गाव, वय, फोन भरायचं. निकालाचा रकाना मी दिसूच दिला नाही, कारण निकाल तिथे लागतच नाही. रक्त केंद्रात येतं आणि पुष्पांजलीताई तपासून नंतर भरतात. न दिसणारा रकाना रिकामा राहिला की जुना कार्ड-छपाईचा भाग अडतो, म्हणून तिथे आपोआप 'निरोगी' बसेल असं केलं. शंभरात ऐंशी-नव्वद निरोगीच असतात. ताईंचे तेवढे क्लिक वाचले.

वैष्णवीने आज चहा वेगळा घेतला. तिचं ऐकलं नाही म्हणून असेल.


२० जानेवारी, सोमवार

काल शिबिर झालं. चारशे बारा माणसं. लॅपटॉप एकदाही अडकला नाही. पुष्पांजलीताई आणि त्यांच्यासोबतची सिस्टर यांनी सकाळी आठपासून रक्तं घेतली. त्या केंद्राच्या तंत्रज्ञ, चौदा वर्षांपासून. बोटाला सुई टोचताना लेकरांना त्यांच्या शेळीची गोष्ट सांगतात.

आज सगळ्या नोंदी केंद्रात मिसळल्या. सहा मिनिटं. डॉक्टरांनी पाठ थोपटली. वैष्णवीनेही "छान" म्हटलं, पण स्क्रीनकडे बघूनच.


२ फेब्रुवारी, रविवार

गेल्या आठवड्यात ताईंनी निकाल भरले. ३० तारखेला त्या स्वतःच लॅपटॉप घेऊन परत पायथ्याच्या गावांत गेल्या, कारण एकसष्ट जणांचे फोन नंबर चुकले होते. दुरुस्त करून आणले. आज दुसऱ्यांदा मिसळलं. एकसष्टच्या एकसष्ट चढले. बुधवारी कार्डं छापणार.

महिन्याचं काम दहा दिवसांत झालं आणि चालतंय. वैष्णवीला हे बोलून दाखवलं नाही, पण इथे लिहितो.


११ फेब्रुवारी, मंगळवार

केंद्रात एक गुलाबराव नावाचे गृहस्थ आले होते. पन्नाशीचे, डोक्याला उपरणं. डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. गुलाबरावांच्या हातात पांढरं कार्ड.

"ह्या बाईनं मले घरी येऊन सांगतलं का तुम्ही वाहक हाय," ते पुष्पांजलीताईंकडे हात करून म्हणाले. "पोराईले तपासा म्हने. मी तिघाईले आनलं. आता हे कार्ड म्हनते का मी निरोगी. मी कोनाचं आयकू? बाईचं का कार्डाचं?"

मी डेटाबेस उघडला. निकाल: निरोगी. शेवटी सेव्ह करणारी व्यक्ती: पुष्पांजली. स्पष्टच आहे.

"मी वाहकच टाकलं होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. त्यांनी प्रयोगशाळेची वही आणून दाखवली. वहीत वाहक लिहिलंय, त्यांच्याच अक्षरात. म्हणजे तपासणी बरोबर झाली आणि टाइप करताना बोट चुकलं. चारशे नोंदींत एखादी चुकणारच. मी तसं समजावून सांगितलं, चांगल्या शब्दांत.

"माझं बोट नाही चुकलं."

"ताई, कॉम्प्युटर खोटं कशाला बोलेल?"

त्या वही बंद करून आत गेल्या.


१३ फेब्रुवारी

आणखी एक. अठरा वर्षांची मुलगी, वहीत वाहक, कार्ड पांढरं. डॉक्टर चिडले. त्यांना चिडताना मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "इथे एक अक्षर चुकलं की पुढच्या पिढीत एक लेकरू भोगतं." पुष्पांजलीताईंना म्हणाले, आठ दिवस सुटी घ्या, विश्रांती घ्या, मग बघू. मग बघू म्हणजे काय ते ताईंनाही कळलं. त्यांनी आपला डबा उचलला, ॲप्रन घडी करून खुर्चीवर ठेवला.

मला वाईट वाटलं. पण वय होतं, नजर कमी होते. चष्म्याचा नंबर तपासा असं मी त्यांना जाताना सुचवलं. मदत म्हणून.

ऑफिसात वैष्णवीला सांगितलं. तिने विचारलं, "दोघंही फोन दुरुस्तीवाल्या यादीतले हाय काय?"

मी म्हटलं, बघायला वेळ झाला नाही.

"रोजचा बॅकअप होतो ना केंद्रात? २९ तारखेचा उघडून पाह्य."

"काऊन? चूक कुठे झाली ते दिसूनच राह्यलं."

ती म्हणाली, "तू पाह्य. मी पाहू शकते, पण तू पाह्य." आणि उठून चहा सांगायला गेली. हिचं कधीकधी कळत नाही. एवढी खात्री आहे तर स्वतःच काऊन नाही बघत?


१७ फेब्रुवारी, सोमवार

बॅकअप बघितला नाही. मोताळ्याच्या दुकानाचं काम होतं. खरं म्हणजे ते काम दोन तासांचं होतं.


२० फेब्रुवारी, गुरुवार

अखेर बघितला.

सकाळी केंद्रात कोणी नव्हतं, तेव्हा २९ जानेवारीचा बॅकअप उघडला. गुलाबराव: वाहक. ती मुलगी: वाहक. दोन्हीवर सेव्ह करणारी पुष्पांजली, तारीख २७, दुपारचे सव्वातीन आणि साडेतीन. बरोबर भरलं होतं.

मग २ तारखेचा उघडला. निरोगी.

दोन्ही तारखांच्या नोंदी बाजूबाजूला लावल्या. मग सगळं उलगडत गेलं आणि थांबेचना. लॅपटॉपवरच्या नोंदी १९ तारखेच्या होत्या, त्यांच्यात माझंच आपोआप बसलेलं 'निरोगी'. केंद्रात भरलेले निकाल लॅपटॉपकडे परत जातच नव्हते. मी एकाच दिशेचा रस्ता ठेवला होता. ३० तारखेला ताईंनी लॅपटॉपवर फोन नंबर बदलला आणि सेव्ह दाबलं. त्यांना दिसत होता फक्त फोन. पण माझ्या बटणाने अख्खी नोंद उचलली, न दिसणाऱ्या रकान्यासकट. २ तारखेला लॅपटॉपची नोंद ताजी ठरली आणि केंद्रातल्या खऱ्या निकालावर चढली.

त्यांनी फोन नंबर दुरुस्त केला, आणि माझ्या प्रोग्रामने त्यांच्याच नावाने त्यांचाच निकाल खोडला.

एकसष्ट दुरुस्त्या. त्यातले वाहक किती, ते वहीशी ताडून पाहिलं. सात.


२१ फेब्रुवारी

सातही नोंदी दुरुस्त केल्या. एक छोटी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम, अर्धं मिनिट. आता डेटाबेस बरोबर आहे.

असा विचार करतोय: डॉक्टरांना सांगायचं की नवीन छपाईची कार्डं देतोय, जुनी परत घ्या. सात कार्डं बदलली जातील. ताईंना परत बोलवा असं मीच सुचवीन, चूक कोणाकडूनही होते म्हणून. कोणाचं नुकसान होत नाही. केंद्राचं काम हातून गेलं तर इतर ठिकाणीही बोभाटा होईल. या भागात सगळे सगळ्यांना ओळखतात. वैष्णवीचंही नाव जाईल. तिचा तर काही दोष नाही. तिच्यासाठी तरी.

हे वाक्य लिहिलं आणि लाज वाटली. खोडत नाही.


२२ फेब्रुवारी, शनिवार

सात कार्डं छापायला घेतली. छापताना शेरे वाचले; ते केंद्रात वेगळ्या टेबलात असतात, म्हणून पुसले गेले नव्हते. पाचव्या नोंदीवर पुष्पांजलीताईंनी समुपदेशनाच्या वेळी लिहिलेला शेरा: "लग्न ठरले आहे. २ मार्च. मुलाचीही तपासणी सुचवली." मुलाचं नाव शोधलं. त्याने केंद्रातच तपासून घेतलं होतं, ३ फेब्रुवारीला. वाहक. पिवळं कार्ड.

या दोघांची खरी नावं इथे लिहीत नाही. मुलीला काजल म्हणतो, मुलाला प्रेम.

म्हणजे ताईंनी काजलला तोंडी वाहक सांगितलं असेल. मग पांढरं कार्ड गेलं. त्यांच्या घरच्यांनी काय केलं असेल? जे गुलाबरावांनी विचारलं ते त्यांनी विचारलंच नसेल. ज्या उत्तराने लग्न होतं ते धरलं असेल. मीही तेच केलं असतं.

आज बावीस. आठ दिवस.

कार्डं तशीच ठेवून वैष्णवीकडे गेलो. म्हटलं, "बॅकअप पाह्यला."

"हाव."

"तुले माहीत होतं?"

"तेरा तारखेपासून अंदाज होता. तू म्हणशील म्हणून थांबली होती. उद्या मीच डॉक्टरले सांगणार होते, तू नसता गेला तं."

मी काजलचं सांगितलं. तिने चपला घातल्या. "चाल. आत्ता."

डॉक्टरांना सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही, कालची क्वेरीसुद्धा. ते ओरडले नाहीत. टेबलावरचा काचेचा पेपरवेट या हातातून त्या हातात करत राहिले. मग म्हणाले, "आधी ती पोरगी. मग पुष्पांजली. मग तू. याच क्रमाने."

आणि फोन उचलून त्यांनी ताईंनाच आधी लावला. "उद्या सकाळी रक्त घ्यायला जायचं आहे. तुमची चूक नव्हती. येता का?" पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. डॉक्टर बराच वेळ नुसतं ऐकत होते.


२३ फेब्रुवारी, रविवार

जीपमध्ये पुष्पांजलीताई पुढे बसल्या, मी आणि डॉक्टर मागे. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा त्यांनी मागे न वळता म्हटलं, "आत्ता नका, भाऊ."

अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. काजलची आई मनकर्णाबाई बायकांसोबत पापड वाळत घालत होती. डॉक्टरांना बघून तिने हात पुसले आणि खाट टाकली. डॉक्टर म्हणाले, काजलशी एकटीशी बोलायचं आहे. काजल दारात उभी होती; अंगणवाडीत मदतनीस आहे, बावीस-तेवीसची. म्हणाली, "आई राहू द्या. अन् त्यालेही बोलावते. जे हाय ते दोघाईसमोर सांगा."

प्रेम शेजारच्या गावचा. अर्ध्या तासात मोटरसायकलवर आला. तोवर आम्ही पाणी प्यालो. डॉक्टरांनी सांगितलं. दोघंही वाहक. याचा अर्थ काय, काय होऊ शकतं, काय करता येतं. पोटात असताना तपासणी होते, नागपूरला. लग्न करू नका असं केंद्र कधी सांगत नाही, फक्त माहीत असावं.

मनकर्णाबाई उठली. "पत्रिका वाटल्या! कार्ड पांढरं देल्लं ना तुम्ही? तुमच्याच सहीचं! अन् आता मांडवाच्या तोंडाले येता?"

"कार्ड चुकीचं छापलं गेलं," डॉक्टर म्हणाले.

मी म्हटलं, "माझ्यामुळे. कॉम्प्युटरचा प्रोग्राम माझा आहे. ताईंनी बरोबर भरलं होतं. माझ्या प्रोग्रामने ते पुसलं."

बाई माझ्याकडे असं बघत राहिली की मी कोण हेच तिला कळेना. मग तिने पापडाचा पाट उचलला आणि आत गेली.

काजलने ताईंना विचारलं, "तुम्ही मले पिवळंच सांगतलं होतं ना?"

"हो बाई."

"मले आठवते. मी आईले म्हटलं का कार्ड पांढरं आलं, तं आई म्हणे मंग कार्डच खरं, छापलेलं हाय." ती माझ्याकडे वळली. "अन् आता तुम्ही म्हणता पिवळं खरं. उद्या पुन्हा पांढरं होनार नाही कशावरून?"

मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. ताईंना रक्त द्या. त्या वहीत लिहितील, ती वही बघा."

तिने तिथेच खाटेवर बसून हात पुढे केला. प्रेमनेही दिला. त्याला सुईची भीती असावी. तो लिंबाच्या झाडाकडे बघत होता. काजल सुईकडेच बघत होती.


२५ फेब्रुवारी

दोघंही वाहक. ताईंनी दोनदा चालवली तपासणी. काजल केंद्रात आली, एकटी, वही स्वतः बघितली. अक्षरावर बोट ठेवून वाचलं.

मग म्हणाली, "माझा मामेभाऊ यानंच गेला. एकोणीस वर्षाचा होता. त्याचे पाय मी चोळले हाय, डॉक्टर." आणि गेली.


२७ फेब्रुवारी

लग्न मोडलं. काजलने मोडलं. तिच्या घरचे तयार होते, प्रेमच्या घरचेही तयार होते, प्रेमही म्हणत होता की नागपूरला जाऊ, बघू. तिने नाही म्हटलं.

मी सांगितलं नसतं तर रविवारी त्या अंगणात जेवणं झाली असती. हे डोक्यातून जात नाही. बरोबर माहिती दिली आणि दोन घरांत रडारड झाली. चुकीची माहिती होती तेव्हा सगळे आनंदात होते. वैष्णवीला हे बोललो तर ती म्हणाली, "तू लग्न नाही मोडलं. तू तिले विचार करू देला." तिला बोलणं सोपं आहे. नाही, सोपं नाही; तिचेही डोळे लाल होते.

बाकीच्या सहांना कार्डं पोचली. गुलाबरावांच्या तिघांपैकी थोरला वाहक निघाला.


४ मार्च, मंगळवार

डॉक्टरांनी तिसऱ्या क्रमाचं काम आज काढलं. मी. केंद्राच्या सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर उभं राहून काय घडलं ते सांगायचं. पुष्पांजलीताईंना सुटीवर सगळ्यांसमोर पाठवलं होतं, म्हणून हेही सगळ्यांसमोर. मी सांगितलं. चष्म्याबद्दल बोललो होतो तेही सांगितलं. तेव्हा कोणीतरी मागे खुसखुसलं, आणि ताईंनी मागे वळून पाहिलं तसं थांबलं.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "त्या आठ दिवसांत मले स्वतःचाच भरोसा राह्यला नव्हता. माझ्या पोरीच्या शाळेच्या वह्या तपासताना एकेक अक्षर दोनदा वाचत होती. ते कसं परत देता?"

डॉक्टरांनी काम काढून घेतलं नाही. अट एक: नवीन आवृत्ती पुष्पांजलीताई पास करतील तेव्हाच लागेल. तोवर सगळं कागदावर.


१९ मार्च

पंधरा दिवस लिहिलं नाही. वैष्णवीचा थर लिहितोय. ती वरिष्ठ, मी हाताखाली. असं ठरलेलं नाही, पण तसं झालं आणि बरं वाटतंय.

आता कोणताही फॉर्म डेटाबेसला हात लावत नाही. एकच दार. फोन बदलला तर फोनच जातो. प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक. लॅपटॉपची आणि केंद्राची नोंद जुळली नाही तर दोन्ही बाजूबाजूला दिसतात आणि माणसाने ठरवायचं. यंत्र ठरवत नाही. आधी काय होतं, कोणी बदललं, कोणत्या मशीनवरून, सगळं राहतं. निकाल कोणी भरला नसेल तर तिथे 'बाकी' दिसतं आणि कार्ड छापलंच जात नाही.

जुन्या प्रोग्राममध्ये सेव्हची एकशे चौदा बटणं निघाली. प्रत्येकामागे वेगळी क्वेरी. नऊ वर्षांपूर्वीचा मी हुशार होतो असं मला वाटायचं.


२४ मार्च, सोमवार

दुपारी प्रेम ऑफिसात आला. मी घाबरलो, खरं लिहितो. मोठ्या अंगाचा पोरगा आहे. पण तो खुर्चीवर बसला आणि हेल्मेट मांडीवर घेऊन म्हणाला, "साहेब, समजा तुम्ही नसते आले तं?"

मी म्हटलं, लग्न झालं असतं.

"हाव. तेवढं मले बी समजते." मग म्हणाला, "तिचं बरोबर हाय का माझं बरोबर होतं, मले समजून नाही राह्यलं. म्हटलं तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुमाले माहीत असन."

"नाही रे. मले नाही माहीत."

त्याने मान हलवली. वैष्णवीने चहा मागवला. त्याने अर्धा प्याला आणि गेला.


११ एप्रिल, शुक्रवार

पुष्पांजलीताईंची परीक्षा आज. सकाळी दहा ते दुपारी तीन.

त्यांनी दोन कॉम्प्युटर आणि लॅपटॉप एका ओळीत लावून घेतले आणि एकच नोंद तिन्हीवर उघडली. इथे फोन बदल, तिथे निकाल भर, तिसरीकडे गाव बदल, मग उलट क्रमाने सेव्ह. मधेच लॅपटॉपची वायर उपटली. मधेच बॅटरी काढली. घड्याळ एक दिवस मागे केलं. हे मला सुचलं नसतं. वैष्णवी शेजारी उभी राहून टिपत होती. दोन चुका सापडल्या, तिथल्या तिथे दुरुस्त केल्या, आणि ताईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

एकदा स्क्रीनवर संदेश आला: "आवृत्ती विसंगती. व्यवहार नाकारला."

"हे काय?" त्यांनी विचारलं.

मी समजावू लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं. "मले समजावू नका. शिबिरात तुम्ही नसता. लिहा: थांबा. ही नोंद दुसऱ्या कोणीतरी बदलली आहे. आधी ती वाचा."

मी तसंच टाइप केलं. त्यांनी खुर्ची ओढून वाचलं, मान हलवली.

तीन वाजता म्हणाल्या, "आता एक खरी नोंद करू. खोट्या नावानं पास नाही करत मी." आणि लॅपटॉपवर टाइप करू लागल्या. मला वाटलं, बाहेर बसलेल्यांपैकी कोणी असेल. त्यांनी विचारलं, "वय किती तुमचं?"

"माझं?"

"बाह्या वर करा."

मी छत्तीसचा. नऊ वर्षं या केंद्रात येतोय. तपासणी केली नाही. कधी सुचलंच नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. दोन-तीनदा सुचलं होतं. ताईंनी दंडाला पट्टा बांधला आणि शेळीची गोष्ट मला नाही सांगितली. नळीवर चिठ्ठी चिकटवली. स्क्रीनवर माझं नाव, गाव, फोन, आणि खाली निकाल: बाकी.

"किती दिवस?"

"घाईचं नसन तं आठ. तोवर काही समजू नका. ना हे, ना ते. बाकी म्हणजे बाकी." मग पास केल्याच्या कागदावर सही केली, तारीख टाकली आणि लॅपटॉप पिशवीत घातला, रविवारी शिबिर आहे. दारापाशी थांबून म्हणाल्या, "घरच्याईलेही आना."

पाच वाजता घरी आलो. धम्मशीला, माझी बायको, गच्चीवरून वाळलेले कपडे काढत होती. हातावरचा कापूस तिला आधी दिसला. मी सांगितलं, उद्या तूही चल, आणि पोरीलाही घेऊ. तिने कपड्यांचा ढीग खाटेवर ठेवला.

"नऊ वर्षं तुम्ही लोकाईचे निकाल पाहून राह्यले," ती म्हणाली. "आपलं काऊन नाही पाह्यलं?"

मी म्हटलं, भीती वाटत होती.

"मले बी," ती म्हणाली, आणि पोरीला उद्या शाळेत पाठवायची नाही म्हणून बाईंना फोन लावला.